एका गाडीच्या किमतीचा कॅमेरा

सन एकोणीसशे चौतीस. मी बावीस वर्षांचा होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि अंगावरच्या कपड्यांखेरीज माझं म्हणावं असं घरात काही नव्हतं. जे होतं ते आबांचं. आबा म्हणजे माझे वडील.

आम्ही सुतार. ब्राह्मणपुरीपासून कोसभरावर आमचं गाव. आजूबाजूच्या गुजर शेतकऱ्यांच्या बैलगाड्या आमच्या पडवीत तयार व्हायच्या. आबांच्या हातचं चाक वीस वर्षं बोलत नाही, म्हणजे कुरकुरत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंच होतं. शाळेत मी तीन इयत्ता काढल्या. चौथीत मास्तर मला कंटाळले आणि मी मास्तरांना. तेव्हापासून हातात वाकस. त्याने लाकूड तासायचं, आरे काढायचे, चाकाच्या मधल्या तुंब्याला भोकं पाडायची. काम वाईट नव्हतं, पण आदल्या वर्षी मी दोन महिने सुरतेला पलंगांच्या कामाला गेलो, तिथे कचेरीबाहेर एक माणूस बघितला, आणि माझं डोकं फिरलं.

त्याच्यापुढे तीन पायांच्या तिकाटण्यावर एक लाकडी पेटी. पेटीला पुढे भिंग, मागे काळ्या कापडाची बाही. माणसाला समोर बसवायचं, भिंगावरचं झाकण काढायचं, परत लावायचं, बाहीतून हात आत घालून काहीतरी खुडबुड करायची, आणि थोड्या वेळात बादलीतल्या पाण्यातून माणसाचं तोंड बाहेर काढायचं. ओलं, पण हुबेहूब. अर्ज घेऊन आलेले लोक रांग लावून उभे.

मी रोज दुपारची भाकर तिथे उभा राहून खायला लागलो. तो हाकलायचा. गुजरातीत शिव्या द्यायचा. एक दिवस त्याच्या तिकाटण्याचा पाय निखळला आणि पेटी कलंडता कलंडता मी धरली. पाय मी तिथंच बसून पाचर मारून नीट करून दिला. त्याने पैसे पुढे केले. मी म्हटलं, पैसे नको, पेटीत हात घालू दे.

त्या दिवशी मला कळलं की आत जादू नाही. दोन बशा आहेत. एकीत पहिलं पाणी, दुसरीत दुसरं पाणी, असं तो म्हणायचा. पहिल्या पाण्यात कागदावर चित्र उमटतं, दुसऱ्या पाण्यात ते पक्कं होतं. वर लाल काचेची खिडकी, तेवढ्या उजेडाने कागद बिघडत नाही. पहिल्यांदा चित्र उलटं येतं, पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं. त्या उलट्याचा परत भिंगासमोर धरून फोटो काढला की सुलटं होतं. बाकी सगळं सुतारकाम. घरी येताना आगगाडीत बसल्या बसल्या मी पेटी मनात जोडून टाकली होती.

आबांना सांगितलं तर ते वाकसाला धार लावत होते. वर न बघता म्हणाले, "खेळना शे का धंदा?"

"धंदा."

"गाडी कोन बनाडी मंग?"

"धाकला शे ना." माझा धाकटा भाऊ तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि माझ्यापेक्षा चांगला आरा काढायचा. हे आबांनाही ठाऊक होतं.

आठ दिवस आम्ही दोघं एकाच ठोकळ्यावर काम करत राहिलो. घरात माय आणि माझी बायको दोघी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत वाढायच्या. मग एक गाडी विकली गेली. ती गाडी जोखडापासून चाकांपर्यंत मी एकट्याने केली होती. आबांनी साठ रुपये माझ्यासमोर ठेवले.

"ही गाडी तुन्ही. हाऊ पैसा तुन्हा. त्याना वर एक पै नही, मांगू बी नको. होळी पेटाना पहिले तुन्ही पेटी बोलनी पाहिजे. नही बोलनी ते वाकस हातमा ले, आनि जलमभर परत नाव काढू नको."

"चालस," मी म्हटलं.

माझी सगळी जिंदगी त्या एका शब्दात अडकली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, साठ रुपयांत तर दोन पेट्या होतील.

सुरतेच्या जुन्या बाजारात भिंगाचा भाव ऐकला तेव्हा ते वारं उतरलं. दुकानदार म्हातारा, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याने पन्नास सांगितले. मी उठलो. त्याने बसवलं. त्याने चहा पाजला, मी पिऊन परत उठलो. भिंग पारखायला काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, पण लाकूड पारखता येतं त्याला काहीही पारखता येतं असा माझा समज होता. दुकानाच्या दारासमोर मी भिंग धरलं आणि मागे माझा सदरा ताणला. सदऱ्यावर समोरचं छप्पर उलटं उमटलं. एकेक कौल वेगळं दिसत होतं. तेवढं मला पुरे झालं. शेवटी तीस रुपयांना तोडलं. कागदाची दोन पाकिटं, दोन पाण्यांची पूड आणि भाडं धरून हातात थोडेच उरले.

मग बाकीचं सगळं मी घरी केलं. पेटीला सागाच्या फळ्या आमच्याच होत्या, पण आबांनी त्यांचेही पैसे कापून घेतले. मीही मोजून दिले. लाल काच नंदुरबारच्या भंगारवाल्याकडून, रेल्वेच्या फुटक्या कंदिलाची. धुरकट काच पाहिजे होती, जिच्यावर चित्र बघून भिंग मागे-पुढे करता येतं. ती विकत घेण्याऐवजी खिडकीची साधी काच घेतली आणि तापीची बारीक वाळू पाण्यात भिजवून त्यावर दुसरी काच तीन दिवस घासली. भिंगाचं झाकण करवंटीचं, आतून जुन्या टोपीच्या मखमलीचं अस्तर. बाही बायकोने शिवली, छत्रीच्या काळ्या कापडाची, दोन पदरी. बशा चिनी मातीच्या. त्या तिच्या माहेरच्या लोणच्याच्या होत्या आणि त्यांच्यावरून थोडं भांडण झालं. मी जिंकलो असं मला तेव्हा वाटलं. पुढे वर्षभर जेवताना लोणचं मिळालं नाही.

पेटी मात्र अशी झाली की काय सांगू. सांधा दिसेना. आत दिवा ठेवून, कोठीच्या अंधारात, चारी बाजूंनी बघितलं तर कुठून एक किरण बाहेर येत नव्हता. आमच्या घराचा एक नियम होता. आबा लहानपणापासून कानात घालत आले होते: जे दिसतं ते कोणीही चांगलं करतं, जे दिसत नाही ते आधी चांगलं कर. चाकाच्या तुंब्यात, जिथे कधी कोणाची नजर जात नाही, तिथेही आबा रंधा मारल्यासारखं गुळगुळीत करायचे. म्हणून मी पेटी आतूनही बाहेरच्यासारखीच केली. घासली, जवसाचं तेल पाजलं, परत घासली, परत तेल. आठ दिवस. सागाचा असा रंग उतरला, मधासारखा.

पहिला फोटो मी बायकोचा काढला, भिंतीपाशी उभी करून. पाण्यातून कागद बाहेर आला तर त्यावर धुकं. माणूस आहे एवढं कळत होतं, कोण आहे ते कळत नव्हतं.

"मी इतली जाडी शे का?" ती म्हणाली.

दुसरा काढला. धुकं. पाणी बदललं, धुकं. उन्हात काढला, सावलीत काढला, झाकण लवकर लावलं, उशिरा लावलं. दोन पाकिटांतलं एक पाकीट असं धुक्यात गेलं. आबा पडवीतून जाता-येता बघत होते. एकदा धाकट्याला मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "आपला दादासाठे चाकना तुंबा काढी ठेव रे. होळीनंतर लागी."

माझ्या डोक्यात एकच. म्हाताऱ्याने फसवलं, भिंग खोटं दिलं. भिंग काढून गाठोड्यात बांधलं आणि सुरतेला जाऊन त्याच्या डोक्यात घालायचं ठरवलं. भिंग काढल्यावर पेटीला पुढे मोठं भोक पडलं. बायको पेटी पुसायला बसली होती. तिने त्या भोकातून आत बघितलं.

"आवं, आठे या. यामा मन्हं तोंड दिसी ऱ्हायनं."

"मंग? काम शे ते तसं."

"तसं नही. मन्हं तोंड दिसस, मंग उजेडबी तठे खेळतच व्हई ना? तुम्ही त्याले आरसा दिधा शे. या भितडावरून त्या भितडावर. कागदवर तो सरका कसा पडी?"

मी तिला गप्प बस म्हणालो. आबांचा नियम सांगितला. आतलं काम खराब करायचं म्हणजे काय, हे सुताराच्या घरात आल्यावर तरी तिला कळायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "चूलले आतून पालिश करतस का कोनी?" आणि पेटी माझ्यापुढे सारून उठून गेली.

मी तिथेच बसलो. पेटीत बघितलं. एका बाजूने दाराचा उजेड आला की समोरच्या बाजूला चमकायचा, तिथून खाली, खालून परत वर. सुरतवाल्याच्या पेटीत मी हात घातला होता, पण बघितलं नव्हतं. बोटांना ती आतून खरखरीत लागली होती, आणि तेव्हा मी मनात म्हटलं होतं की हा माणूस फोटो चांगले काढतो पण याचा सुतार अडाणी दिसतो.

तरी दोन दिवस मी हात लावला नाही. आठ दिवस घासलेलं खरवडायचं, हे माझ्याने होईना. तिसऱ्या दिवशी पटाशी घेतली आणि आतलं सगळं तेल खरवडून काढलं. माय बघून म्हणाली, याले कोनी करनी कयी का? आधी काजळी वंगणात कालवून लावली, तर ती काळी झाली आणि आणखी चमकायला लागली. मग मला शाळा आठवली. तीन इयत्तांत मी जे एक काम नीट शिकलो ते म्हणजे फळा काळा करणं. सुताराचा पोरगा म्हणून मास्तर दर महिन्याला ते माझ्याच गळ्यात घालायचे. कोळसा वाटायचा, वालाचा पाला ठेचून त्याच्या रसात कालवायचा आणि चिंधीने चोळायचा. त्या फळ्यावर ऊन पडलं तरी तो चमकत नसे. बायकोने कोळसा वाटला, मी पाला ठेचला. तीन हात दिले. पेटी आतून विझलेल्या चुलीसारखी दिसायला लागली.

भिंग परत बसवलं. दारापुढे आमचा बैल बांधलेला होता, त्याचाच काढला. बैल आला. शिंगं आली, वशिंड आलं, दावं आलं. फक्त शेपूट आलं नाही, कारण ते हललं. मी कागद हातात धरून उभा. ती म्हणाली, "बैल बांडा कया तुम्ही." आणि दोघंही असे हसलो की माय बाहेर आली.

पण आबांचा सवाल धंद्याचा होता, आणि बैल पैसे देत नाही. आता होळी जवळ आली होती, आणि कागद उरले पाच.

होळीच्या आधीच्या आठवड्यात डोंगराच्या पायथ्याला भोंगऱ्याचा हाट भरतो. तोरणमाळकडचे, धडगावकडचे पावरा, भिल्ल लोक कुटुंबासकट उतरतात. ढोल, बासऱ्या, गूळ-डाळ्या, आणि बायकांच्या अंगावर घरात असेल नसेल तेवढी चांदी. फोटो काढून घ्यायची हौस माणसाला त्या दिवशी नाही तर कधी? पेटी मी डोक्यावर घेतली, तिकाटणं खांद्यावर. बायकोने पाण्याची घागर आणि बादली घेतली. आबा धाकट्याला घेऊन बैलगाडीतून मागून आले. आम्हाला गाडीत बसा म्हणाले नाहीत, आणि म्हणाले असते तरी मी बसलो नसतो.

एका चिंचेखाली मांडलं. लोक जमले. पहिला बसला तो गावातला धान्याचा व्यापारी, पगडी नीट करून, छाती काढून. बायकोने उलटा कागद बादलीत धुवायला घातला आणि शेठने वाकून बघितलं. कागदावर त्याची पगडी काळी, धोतर काळं, आणि तोंड डांबरासारखं.

"अरे सुतार! भर हाटमा मन्हं तोंड काळं कयं तू!"

"शेठ, थांबा. हे अर्धंच शे. आते उलटं कयं का उजळ व्हई."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काटा मारनारा शेठनं तोंड उजळ व्हई? मंग ते खरंच जादूनी पेटी शे!"

सगळा हाट हसला. शेठने कागद बादलीतून काढून चिखलात टाकला, त्यावर पाय दिला आणि गेला. त्याच्यामागे अर्धी गर्दी गेली. आबा समोर गाडीच्या जुवावर बसून बघत होते.

राहिला होता एक डोंगरातला म्हातारा आणि त्याची बायको. सकाळपासून दोघं तिथेच बसली होती. पावरी मला अर्धीमुर्धी कळायची, पण तो हाटातली मिसळ बोली बोलायचा. म्हणाला, "त्याले घाई व्हती. माले नही. हाट सांजलोंग शे."

म्हातारी मात्र सौदा करूनच बसली. गळ्यातल्या सऱ्या, दंडातल्या वाक्या, कमरेची साखळी, एकेकावर बोट ठेवून मला दाखवली. "हे समदं दिसनं पाहिजे. नही दिसनं ते पैसा नही."

"दिसी," मी म्हटलं.

ती दोघं अशी बसली की मी झाकण उघडलं तेव्हा पापणीसुद्धा हलली नाही. गावची माणसं बसली की कोणी नाक खाजवतं, कोणी पदर ओढतं. ही दोन माणसं खडकासारखी. उलटा कागद निघाला. म्हाताऱ्याने तो बघितला आणि बायकोकडे बघून फक्त मान हलवली. मी उलटा कागद भिंगापुढे लावला, परत झाकण काढलं, आत हात घातला. लाल काचेतून बघत होतो. आधी तिची सरी उमटली. मग डोळे.

बादलीतून कागद वर काढला. म्हातारीने तो तळहातावर घेतला आणि बोटाने मोजायला लागली. सरी. दुसरी सरी. वाक्या. साखळी. मग थांबली.

"मन्हा वाळा?"

फोटो गुडघ्यापाशी संपला होता. पायातले वाळे आलेच नव्हते.

"त्यामधला एक आना कमी दे," म्हातारा तिला म्हणाला. चार आणे ठरले होते. तीन घेतले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. फोटो निघाला होता, आबांनी बघितला होता. पण ठरलं होतं ते समदं दिसेल असं. माझ्याकडे दोनच कागद उरले होते, एक उलट्याला, एक सुलट्याला. त्यात काही बिघडलं असतं तर दिवसाचा शेवट धुक्यावर झाला असता.

"परत बठा," मी म्हटलं.

बायकोने डोळ्यांनी नको म्हटलं. मी तिकाटणं चार पावलं मागे घेतलं, धुरकट काचेत दोघांचे पाय येईपर्यंत. म्हातारीने लुगडं थोडं वर घेऊन वाळे पुढे केले. झाकण काढलं, लावलं. बाहीत हात घातले, आधी उलटं काढलं, मग सुलटं. पेटी आतून काळी होती आणि तिने तिचं काम केलं.

म्हातारीने सगळं परत पहिल्यापासून मोजलं. वाळ्यांवर बोट ठेवलं. मग कमरेच्या गाठीतून चार आणे सोडले, पहिला फोटोही उचलला आणि म्हणाली, हा अर्धा माझ्या लेकीला. त्याचे पैसे दिले नाहीत. मी मागितलेही नाहीत.

गर्दी परत जमली. दहा-पंधरा माणसं बसायला तयार. मी पाकीट उघडून दाखवलं, रिकामं.

आबा उठून आले. पेटीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, सांध्यावरून, वरपासून खालपर्यंत. मागचं दार उघडून आत बघितलं.

"हाई काय? चूल?"

"तिनं काम तसंच शे. उजेड आत यावाना, पण खेळाना नही."

त्यांनी आतून बोट फिरवलं, बोट काळं झालं, ते धोतराला पुसलं. "एक गाडी गयी. चार आना उनात."

"पेटी बोलनी का नही ते सांगा."

त्यांनी पेटीचं मागचं दार लावलं. धाकटा गाडीपाशी उभा राहून दोघांकडे बघत होता.

"बोलनी," आबा म्हणाले. "पन कागद? कागद कशाना आनशी? मी पै देवाव नही."

"मी मांगी नही."

संध्याकाळी आम्ही चालतच परत आलो. बायको वाटेत एवढंच म्हणाली की भाडं नाही तर सुरत पायी फार लांब आहे. मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आबा उठायच्या आधी, मी पडवीत गेलो. ठोकळ्यावर एका शेतकऱ्याचं चाक अर्धवट पडलं होतं, चार आरे बसवायचे राहिले होते. वाकस घेतला आणि बसलो. आबा बाहेर आले, मला तिथे बघून उंबऱ्यातच थांबले. मी मान वर केली नाही. चारही आरे बसवले, पाचरी ठोकल्या, चाक भिंतीला उभं केलं, हात पुढे केला आणि म्हटलं, "मजुरी." त्यांनी कोणत्याही मजुराला देतात तेवढीच, मोजून दिली. मी ती मोजून घेतली, पेटी डोक्यावर ठेवली आणि सुरतेची गाडी धरायला नंदुरबारच्या रस्त्याला लागलो.